मला धूळ खाऊ द्या

मी एक जुना धूळमापक आहे. हसू नका मित्रांनो. एखाद्या गच्चीवर उतरत्या छपराचा, कोंबड्यांच्या खुराड्याएवढा पत्र्याचा डबा तुम्ही पाहिला असेल आणि कबुतरांसाठी ठेवलाय असं समजून पुढे गेला असाल. तो मीच.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगायची म्हणजे शेवटी रडायचं, अशी एक रीत पडली आहे. ‘आता मी कोपऱ्यात धूळ खात पडले आहे’ असं म्हणून जुनी छत्री रडते, जुनी सायकल रडते. मी रडणार नाही. धूळ खाणं हीच माझी नोकरी आहे. मी धूळ खातो म्हणून तर तुमच्या छातीत काय जातंय ते तुम्हाला कळतं. माझे वाईट दिवस आले ते मला धूळ खाऊ दिली नाही तेव्हा. त्या दिवसांची गोष्ट मी आज सांगणार आहे, आणि मान वर करून सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, आत एक मोटर बसवली. मोटर हवा ओढते. छपराखालच्या फटीतून ती हवा आत येते आणि एका पांढऱ्या कागदातून पार होते. हा कागद साधा नसतो, काचेच्या बारीक तंतूंचा असतो. हवा निघून जाते, धूळ कागदावर अडकते. कागद लावण्याआधी त्याचं वजन करायचं, चोवीस तासांनी पुन्हा करायचं. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ. एवढंच माझं शास्त्र आहे.

नाशिकच्या एका कॉलेजात मी आलो तेव्हा माझा मोठा थाट होता. तिथले यादवदादा माझी देखभाल करत. घोटीला भाताच्या गिरणीशेजारी मी तीन महिने काढले आणि कोंड्याची धूळ खाल्ली. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला कांद्याच्या टेम्पोंचा धूर खाल्ला. दसऱ्याला यादवदादा माझ्या छपरावर झेंडूची माळ घालायचे. एकदा पेपरात माझा फोटोही आला. फोटोत पुढे पाच माणसं उभी होती आणि त्यांच्या पायांमधून माझं छप्पर दिसत होतं, पण आला हे खरं.

मग नवा जमाना आला. शहरात दिव्यांचा एक फलक लागला. तो क्षणाक्षणाला आकडे दाखवतो, चांगल्या हवेला हिरवा दिवा लावतो. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि तो बागेत, झाडांच्या मधोमध उभा केला. तिथे हवा चांगलीच असायची, दिवा हिरवाच असायचा, आणि सगळे खूश असायचे. माझी रवानगी जिन्याखाली झाली. सात वर्षं मी तिथे होतो. अंगावर बोटभर धूळ साचली आणि मोटर बंद, त्यामुळे त्यातला एक कण खाता येत नव्हता. भरल्या ताटासमोर हात बांधून बसवावं, तशी माझी गत होती.

मला तिथून बाहेर काढलं ते भाग्यश्रीनं. ही संशोधन करणारी मुलगी. तिनं फडक्यानं माझं छप्पर पुसलं आणि यादवदादांना विचारलं, “दादा, हा चालेल का हो?”

“चालेल म्हणजे? पळेल!” यादवदादा म्हणाले. त्यांनी माझी मोटर उघडली, साफ केली, आणि मी पुन्हा घुमायला लागलो. मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

भाग्यश्रीला एक गोष्ट शोधून काढायची होती. नाशिकच्या द्वारका चौकापासून थोड्या अंतरावर एक शाळा आहे. शाळेच्या भिंतीला लागूनच ट्रकांचा थांबा. हिवाळ्यात द्राक्षांच्या गार गाड्या तिथे उभ्या राहतात, आणि माल गरम होऊ नये म्हणून त्यांची इंजिनं तासन्‌तास चालूच ठेवतात. शाळेतली मुलं खोकत होती. पालकांनी अर्ज केला होता की थांबा हलवा. त्यावर एक चौकशी समिती नेमली गेली. समितीनं विचारलं, खोकला गाड्यांमुळे आहे याला पुरावा काय?

तो पुरावा भाग्यश्री गोळा करत होती. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिनं मला शाळेच्या गच्चीवर बसवलं. आठवड्यातून दोन दिवस मी धूळ खायचो. दर गुरुवारी पाचवीची मुलं एका नळीत जोरात फुंकायची. छातीत किती दम आहे ते त्या नळीवरच्या आकड्यावरून कळतं. मुलं तिला फुंकणी म्हणायची. माझी धूळ, मुलांची फुंक, वाऱ्याची दिशा आणि गाड्यांची संख्या हे सगळं भाग्यश्री लॅपटॉपमध्ये भरायची. आत एक मोठं गणित होतं. त्याला ती मॉडेल म्हणायची. गाड्या इतक्या, वारा असा, तर कुणाच्या छातीत किती धूळ जाणार आणि तिथे ती काय करणार, हे ते गणित सांगणार होतं. फार हुशार होतं ते. पण त्याला स्वतःचं नाक नव्हतं. मी जे आणून देईन त्याच्यावरच त्याची भिस्त होती, आणि याचा मला अभिमान होता.

शाळेत झाडलोट करायला शकुबाई होत्या. कंत्राटावरची नोकरी, कधी जाईल सांगता येत नाही अशी. पूर्वी त्या पिंपळगावला द्राक्षबागांत कामाला जायच्या. घडांना ऊन लागू नये, डाग पडू नये म्हणून एकेका घडाला कागद गुंडाळायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. त्यांची नात वेदिका याच शाळेत पाचवीला होती. पोरगी हुशार, पण छातीनं हैराण. दोन जिने चढली की घशातून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. वर्गातली काही मुलं म्हणायची, नाटक करते.

डिसेंबरात एकदा यादवदादा माझा कागद बदलत होते आणि शकुबाई गच्ची झाडत होत्या. काळा कागद बघून त्यांनी झाडू खाली टाकला.

“अगं बया! काल तर पांढराफेक होता ना हा?”

“एका दिवसाची धूळ आहे ही, मावशी.”

“एवढं रोज गिळतो हा? बोलत नाय म्हणून काय त्याला छाती नाय व्हय?”

यादवदादा हसले आणि कागद घेऊन खाली गेले. शकुबाई मात्र बराच वेळ माझ्याजवळ उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या जुन्या लुगड्याचं एक मऊ फडकं घेऊन आल्या. त्याची दुहेरी घडी केली आणि माझ्या छपराखालच्या फटीत चारी बाजूंनी नीट खोचली, अगदी घडाला कागद लावावा तशी.

“आता गप ऱ्हा,” माझ्या छपरावर हात ठेवून त्या म्हणाल्या. “माझ्या वेदिकेला झाकता येत नाय मला. तुला तरी झाकते.”

मित्रांनो, एवढी माया माझ्यावर कुणी केली नव्हती. आणि एवढं नुकसानही कुणी केलं नव्हतं! मी मोटरीच्या जोरावर ओरडत होतो, ‘बाई, काढ ते!’ पण माझं ओरडणं म्हणजे नुसती घरघर. ती त्यांना रोजचीच होती. दर सोमवारी त्या फडकं धुवायच्या, वाळवायच्या आणि पुन्हा खोचायच्या.

फडकं छपराच्या आत होतं, वरून दिसत नव्हतं. यादवदादा छपरावरचं छोटं झाकण उचलायचे, कागद बदलायचे, झाकण लावायचे. आत येणाऱ्या हवेचा जोर दाखवणारी पाण्याची एक नळी माझ्या अंगावर आहे. तिच्यातलं पाणी थोडं उतरलं होतं. यादवदादांनी तेही वहीत लिहिलं आणि पुढे शेरा मारला, ‘मोटर जुनी झाली असावी.’ जुनी झाली असावी! तोंड बांधलेल्या माणसाला जेवण कमी झालं का म्हणून विचारायचं, आणि वर त्याचं वय काढायचं.

जानेवारी उजाडला. गाड्या दुप्पट झाल्या. मुलांची फुंक कमी झाली. वेदिकेचा आकडा अडीचशेवरून एकशे सत्तरवर आला. आणि माझे कागद? ते दिवसेंदिवस गोरेपान होत चालले. भाग्यश्रीचं मॉडेल चक्रावून गेलं. धूळ घटते आणि खोकला वाढतो, हे कसलं गणित? तिनं वाऱ्याची आकडेवारी तपासली, वजनकाटा तपासला, जागरणं केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळं जग तपासलं, पण दोन जिने चढून माझ्या छपराखाली वाकून बघितलं नाही.

फेब्रुवारीत समिती शाळेत आली. तो सोमवार होता. यादवदादांनी मला दोरीनं बांधून खाली आणलं आणि हॉलमध्ये टेबलावर ठेवलं. माझं तोंड मोकळं होतं, कारण फडकं धुवून दोरीवर वाळत होतं. समोर समितीचे अध्यक्ष, बाजूला शाळेचे मोठे सर, मागे बाकांवर पालक आणि पाचवीचा वर्ग बसला होता. फळ्यावर मुलांच्या फुंकीचे आकडे लिहिले होते.

अध्यक्षांनी चष्मा लावून कागद पाहिले. “मॅडम, तुमचंच यंत्र सांगतंय की डिसेंबरपासून धूळ निम्म्यावर आली. नोव्हेंबरात जास्त होती ती दिवाळीच्या फटाक्यांची असेल. आता गाड्या वाढल्या आणि धूळ कमी झाली. मग गाड्यांचा आणि खोकल्याचा संबंध काय? घरात चूल असेल, उदबत्ती असेल.”

भाग्यश्री उभी राहिली. तिचा आवाज कापत होता. “मलाही ते जुळत नाही सर. पण जे आलंय ते मी लपवलेलं नाही.”

“मग यंत्र बिघडलंय म्हणा की. काय हे खटारं! भंगारात द्या आणि विषय संपवा.”

माझा पत्रा तापला. इतकी वर्षं इमानानं धूळ खाल्ली आणि शेवटी खापर फुटलं माझ्याच छपरावर. मला वाचा असती तर त्या हॉलची खिडकीन्‌खिडकी हादरली असती.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या शकुबाई मध्येच थांबल्या. त्यांना राहवलं नाही. “साहेब, धूळ कमी कुठं झाली? मी दर सोमवारी फडकं धुते ना. बादलीभर काळं पाणी निघतंय. मागच्या महिन्यापास्नं तर लयच.”

“कसलं फडकं?”

“त्याच्या तोंडाचं,” माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. “मीच बांधते. रोज एवढी घाण गिळतो, म्हणलं जरा झाकावं.” त्यांच्या बोलण्यात थोडा अभिमानच होता. ट्रे ठेवून त्या गेल्या आणि दोरीवरचं ओलं फडकं घेऊन आल्या. धुतलेलं असूनही ते काळपट होतं.

भाग्यश्री फडक्याकडे बघत राहिली. मग ती शकुबाईंजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “मावशी, तो धूळ खायलाच बसवलाय. जेवढी खाईल तेवढीच आम्ही मोजतो. फडक्यात अडकली ती मोजलीच गेली नाही.”

शकुबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग फळ्यावरच्या वेदिकेच्या आकड्याकडे.

“म्हंजी... पोरींची धूळ मी धुवून टाकली?”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पण मित्रांनो, मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. मला रडू आलं. रडणार नाही म्हणालो होतो, तेवढा एक अपवाद धरा.

मोठे सर पुढे वाकून कुजबुजले, “मॅडम, अंदाजानं दुप्पट धरा ना. काम भागेल.”

“दुप्पट की दीडपट, ते कोणाला विचारू सर? फडक्याला?” भाग्यश्री मोठ्यानं म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. “फडकं बांधल्यापासूनची मोजणी बाद करा. मी स्वतः लिहून देते. आणि चूक मावशींच्या आधी माझी आहे. दोन महिने मी गच्चीवर पाऊल टाकलं नाही. लॅपटॉपसमोर बसून हवा शोधत होते.”

अध्यक्षांनी फाईल बंद केली. “म्हणजे पुरावा नाही. आणि या बाईंचं काय करायचं ते शाळेनं बघावं.”

शकुबाईंनी फडकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. “काढायचं तर काढा साहेब. चूक माझी हाय, मी नाय म्हणत नाय. पण जायच्या आधी परत मोजून दावा. मी चुकले, ह्यो नाय चुकला. ह्याला भंगार म्हणायचं नाय.”

मागच्या बाकांवरून पालक उठले. “परत मोजा!” एक जण म्हणाला, आणि मग सगळेच म्हणायला लागले. पाचवीच्या वर्गाला तर ओरडायची संधीच हवी होती. अध्यक्षांनी हात वर केले. पंधरा दिवस मिळाले. त्यानंतर फाईल कायमची बंद.

आठवड्यातून दोन दिवस चालणारा मी, आता रोज चालणार होतो. माझ्या वयाला हे झेपेल का, अशी चर्चा माझ्यासमोरच झाली. झेपेल! भंगार म्हणालात ना? आता बघा.

पहिल्या दिवसाचा कागद काळा निघाला. दुसऱ्या दिवशीचा त्याहून काळा. भाग्यश्री रोज दोन जिने चढून यायची, माझ्या छपराखाली वाकून बघायची आणि मगच वहीत लिहायची. पाचव्या दिवशी सकाळी शाळेसमोरच्या रस्त्यावर एक टँकर आला आणि पाणी मारायला लागला. इतकी वर्षं तिथे पाण्याचा थेंब पडला नव्हता. धूळ बसावी आणि मोजणी कमी यावी म्हणून तो कुणी पाठवला ते कळलं नाही. यादवदादा भांडायला निघाले. शकुबाईंनी त्यांना थांबवलं आणि गच्चीच्या कठड्यावरून टँकरवाल्याला हाक मारली, “बाबा, रोज ये रे! आमच्या पोरी बऱ्या व्हतील. पंधरा दिवसांनी पण ये!” भाग्यश्रीनं वहीत लिहिलं, ‘आज रस्त्यावर पाणी मारलं.’ त्या दिवशीचा कागद थोडा फिका निघाला, आणि तेही तिनं तसंच लिहिलं. टँकर पुन्हा आला नाही.

अकराव्या दिवशी माझी मोटर अडखळली. तिला वीज पोचवणारे कोळशाचे दोन तुकडे झिजून संपले होते. यादवदादा द्वारकेच्या एका मोटर बांधणाऱ्याच्या दुकानात गेले, मिळाले ते तुकडे आणले, कानशीनं घासून बसवले. “दम धर म्हाताऱ्या,” ते म्हणाले. मी दम धरला. तासाभरात पुन्हा घुमायला लागलो.

या पंधरा दिवसांत मुलंही रोज फुंकत होती. शेवटच्या दिवशी भाग्यश्रीनं सगळं मॉडेलमध्ये भरलं आणि पडद्यावर दोन रेघा उमटल्या. वारा थांब्याकडून शाळेकडे आला की माझा कागद काळा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांची फुंक कमी. वारा फिरला की दोन्ही सुधारायचं. फडकं नव्हतं त्या नोव्हेंबरातही तसंच होतं. शकुबाईंना त्या रेघा वाचता येत नव्हत्या. त्यांनी वेदिकेला विचारलं, “काय म्हणतोय गं ह्यो?”

“आजी, तो म्हणतोय की मी नाटक करत नव्हते.”

समितीला थांबा हलवावा लागला. सध्या सहा महिन्यांसाठी हलवलाय, पुढचं पुढे. वेदिका काही लगेच धावायला लागलेली नाही. तिचा आकडा दोनशे दहापर्यंत आलाय आणि रोज थोडा चढतोय. शकुबाईंना काढायची भाषा पुन्हा कुणी केली नाही.

पण माझी गोष्ट इथे संपत नाही. मोठ्या सरांना अचानक माझं प्रेम आलं. त्यांनी व्हरांड्यात काचेचं कपाट करून घेतलं, त्यावर माझं नाव रंगवलं, हार आणला. ‘हा शाळेचा ठेवा आहे, तो आता जपायचा,’ असं भाषणात सांगितलं. यादवदादांनी मला आत ठेवलं. काचेचं दार लागलं. बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि माझ्यापर्यंत वाऱ्याची झुळूकही पोचत नव्हती. पुन्हा तोंड बांधलं, या वेळी काचेनं!

शकुबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, हार काढून मोठ्या सरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सर, माया करायची तर वर करू. झाकून मी एकदा बघितलं. थांबा सहा महिन्यांनी परत आला तर कोण सांगणार?” मग त्यांनी आणि यादवदादांनी मला दोन बाजूंनी उचललं आणि गच्चीवर आणून ठेवलं. वेदिका मागून चढत होती, मध्ये एकदा थांबली, पण वरपर्यंत आली. बटण तिनं दाबलं.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात, तशी तूही कर. करतो. माझी काळजी घ्या, मित्रांनो. माझी मोटर पुसा, माझा कागद वेळेवर बदला, आठवड्यातून एकदा तरी वाकून छपराखाली बघा. पण माझं तोंड बांधू नका. मायेनं नाही, भीतीनं नाही आणि कुणाच्या सोयीसाठी तर मुळीच नाही. मला धूळ खाऊ द्या. ती तुमच्या वाट्याची नाही.